उद्यापनाची खुर्ची

"नाव सांगा, बाई. एकच नाव. जास्त काही मागत नाही मी."

पाटणेसाहेबांनी चष्मा काढून टेबलाच्या काचेवर ठेवला. काचेवर श्रीखंडाचे उघडे डबे मांडले होते, आदल्या दिवशी दुकानांतून परत आलेले. खोलीभर आंबूस वास पसरला होता. नवरात्र चालू होतं, दसरा तोंडावर आला होता, आणि आमच्या डेअरीचं श्रीखंड आंबट निघालं होतं.

"चाखून बघा," साहेबांनी एक डबा पुढे सरकवला.

"वास पुरे आहे, साहेब."

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसले होते. त्या केबिनमध्ये पाहुण्याला ती एकच खुर्ची. एका वेळी एक माणूस आत, दार बंद, आणि मग काय ते बोलणं, ही साहेबांची जुनी पद्धत. ते दूध संघाचे मॅनेजर होण्याआधी आमच्याच श्रीखंड सेक्शनचे प्रमुख होते, तेव्हापासूनची.

"सकाळी दोघांनाही बसवलं इथं," ते म्हणाले. "तातोबा म्हणतो महिपतीची चूक. महिपती म्हणतो तातोबाची. आता सेक्शन तुमच्याकडे आहे. तुम्ही ज्याचं नाव घ्याल तो उद्यापासून घरी बसेल. चेअरमनसाहेबांचा दुपारी फोन येणार आहे, त्यांना नाव हवंय."

"आणि मी नाही घेतलं तर?"

"तर मला म्हणावं लागेल की नव्या बाईंना सेक्शन झेपला नाही." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. माझं नाव त्या जागेसाठी त्यांनीच सुचवलं होतं. "मग घरी कोण बसेल, ते तुम्हाला कळतंच."

मी पदर सावरला. माझा आवाज पहिल्यापासून बारीक. मोठ्याने बोलायची वेळ आली की लोकच माझ्या जवळ येऊन ऐकतात.

"साहेब, ते दोघं इथं नाहीत."

"नाहीत म्हणूनच विचारतोय."

"नाहीत म्हणूनच मला सांगता येणार नाही. माझा नेम आहे."

नेमाचं सांगायला हवं. दर चातुर्मासात मी काहीतरी सोडते. कधी वांगं, कधी चहातली साखर, एका वर्षी गादी. त्या वर्षी आषाढी एकादशीला देवळात दीक्षितगुरुजींसमोर संकल्प सोडला, तो जरा वेगळा होता. जो माणूस समोर नाही त्याचं उणं बोलायचं नाही, आणि कुणी बोलायला लागलं तर ऐकायचंही नाही.

गुरुजी मिश्कील. म्हणाले, "कुमुदताई, नियम असा आहे की जी वस्तू सोडली तिचंच उद्यापनाला दान करायचं. वांगं सोडलं तर वांगं. आता निंदा सोडलीत, ती दान कुणाला करणार?"

"बघू तेव्हा."

"बघा, बघा. घेणारे मात्र पुष्कळ मिळतील."

त्याच आषाढात सेक्शनची जबाबदारी माझ्याकडे आली. त्यामुळे नेम घरी कमी आणि डेअरीतच जास्त पाळावा लागला. पहिल्याच आठवड्यात पॅकिंगच्या छबुताई लोहार माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजल्या होत्या, "बाई, त्या मुमताजचं जरा बगा. झाकणं लावताना निम्मा येळ तिचं ध्यान खिडकीत."

"थांबा, तिला बोलावते."

"अवो, तिला कशाला? मी तुमास्नी म्हणून सांगतीया."

"ती आली की तिच्यासमोर सांगा. मी ऐकते."

छबुताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर दुपारी दिवा लावून बसले आहे. "मग ऱ्हाऊंदे," म्हणाल्या आणि गेल्या. पण जाताना थेट मुमताजच्याच टेबलाशी थांबल्या. तिथं काय झालं मला माहीत नाही. आवाज मात्र चक्क्याच्या खोलीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी मुमताजचं टेबल खिडकीपासून हललेलं होतं, आणि दोघी एकाच डब्यातली भाकरी खात होत्या.

सेक्शनमध्ये माझी थट्टा व्हायची ती वेगळीच. मी आले की कुणीतरी म्हणायचं, "गप, गप, जो न्हाई त्याचं नाव काडू नका, बाई त्याला गाडी पाटवून बोलावत्यात." गौरी-गणपतीपर्यंत माझ्या टेबलाशी कुजबुजायला येणारं कुणी उरलं नव्हतं. भांडणं होत होती, पण ती तोंडावर होत होती, आणि तोंडावरची भांडणं जेवणाच्या सुट्टीपलीकडे फारशी टिकत नाहीत.

फक्त तातोबा चौगुले आणि महिपती सुतार यांचं काही सुटलं नव्हतं. कारण ते कुणाकडे तक्रारच करत नव्हते. ते एकमेकांशी बोलतच नव्हते, कित्येक वर्षं.

दोघांची कामं मात्र एकमेकांना जोडलेली. तातोबा दही कापडात बांधून टांगायचे, पाणी निथळून चक्का झाला की गाड्यावर भरून थंड खोलीत लावायचे. महिपती तो गाडा घेऊन चक्का मोठ्या मिक्सरमध्ये साखर-वेलचीबरोबर फिरवायचे. तिथून तो पॅकिंगच्या बायकांकडे. म्हणजे रोज काही ना काही सांगावं लागायचंच. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. सांगायचं ते ते मिक्सरला सांगायचे. तातोबा मिक्सरसमोर उभे राहून म्हणायचे, "आज चक्का जरा घट हाय." महिपती मिक्सरच्या दुसऱ्या बाजूने त्याच्या पोटावर हात ठेवून म्हणायचे, "मग साखर पिठीच घालाय लागंल." नव्या माणसाला वाटायचं, दोघंही यंत्राची पूजा करतात.

"नेम घरी ठेवायचा असतो, बाई," साहेब म्हणाले.

"घरी एवढी माणसं कुठं भेटतात, साहेब?"

ते हसले नाहीत. "चेष्टेची वेळ नाही ही."

"चेष्टा नाही करत. त्या दोघांना बोलवा. त्यांच्यासमोर मी नाव सांगते. एकाचं असेल तर एकाचं, दोघांचं असेल तर दोघांचं. माझं असेल तर माझंही."

"समोरासमोर माणूस खरं बोलत नाही, बाई. लाज असते, भीड असते. एकट्याला बसवलं की पोटातलं ओठावर येतं. मी अख्खी डेअरी या एका खुर्चीवर चालवली आहे."

"तुम्ही आज सकाळी दोघांनाही या खुर्चीवर बसवलंत. मग खरं कळलं?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. घड्याळाकडे पाहिलं. मग हात उडवून म्हणाले, "आणा. पण फोन आला की मला उत्तर पाहिजे."

मी बाहेर पॅकिंगच्या हॉलमध्ये गेले. एक खुर्ची आणि एक स्टूल उचललं. छबुताई झाकण लावता लावता थांबल्या.

"बाई, पंगत हाय व्हय आत?"

"आहे. श्रीखंडाची."

तातोबा आणि महिपती हॉलच्या दोन टोकांना उभे होते. सकाळपासून दोघांनाही कळून चुकलं होतं की आज एकजण घरी जाणार. मी एकाच्या हातात खुर्ची दिली, दुसऱ्याच्या हातात स्टूल, आणि पुढे चालू लागले.

आत दोघं बसले ते एकमेकांकडे पाठ करून. एकाचं तोंड कपाटाकडे, दुसऱ्याचं खिडकीकडे.

"तातोबा, काय झालं ते सांगा," मी म्हणाले.

"बाई, त्यानला सांगा की..."

"मी आज निरोप पोचवणार नाही. महिपती इथंच आहेत. त्यांना सांगा."

मग तातोबांनी वर पंख्याकडे पाहिलं आणि पंख्याला सांगायला सुरुवात केली. "त्या दिवशी दुपारी थंड खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. समदे गाडे दुसऱ्या खोलीत हलवलं. येक बसंना. त्यो भाईरच ऱ्हायला, उन्हाच्या भिंतीला. त्या गाड्याचा चक्का आंबनारच. मी सांगितलं हुतं की, कडंचा गाडा श्रीखंडाला घिऊ नगा."

"खोटं," महिपती खिडकीला म्हणाले. "मला कुनीबी कायबी सांगितल्यालं न्हाई. द्येवाची आण."

"बघा," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "सकाळी हेच ऐकलं मी. दोघांतला एक खोटं बोलतोय."

"तातोबा," मी विचारलं, "तुम्ही कुणाला सांगितलंत?"

तातोबांची नजर पंख्यावरून खाली आली. गुडघ्यावर स्थिरावली.

"मिक्सरला," ते हळूच म्हणाले.

"कुणाला?" साहेब पुढे झुकले.

"मिक्सरला, सायेब. आमी... तसंच सांगतो."

"महिपती, तेव्हा मिक्सर चालू होता का?"

महिपती पहिल्यांदाच खिडकीकडून वळले. "चालू हुता की. साखर पडत हुती त्यात. त्यो घराघरा चालू असला की मला माझाच खोकला ऐकू येत न्हाई."

साहेबांच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. खोकला असावा असं आधी वाटलं. मग कळलं, ते हसू दाबत होते. तातोबांच्याही मिशा थरथरल्या. मग एकदम सगळं थांबलं, कारण हसण्यासारखं काही नव्हतंच. तालुक्यातल्या घराघरांत ते श्रीखंड गेलं होतं.

"म्हणजे दोघंही खरं बोलताय," मी म्हणाले.

"खरं बोलतायत, ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण माणसांशी बोलायचं सोडून यंत्राशी? का? काय झालंय तुमच्यात?"

"त्यानला इचारा," तातोबा म्हणाले.

"तुम्हीच विचारा, तातोबा. मी निरोप नेत नाही म्हटलं ना."

तातोबांनी स्टूल वळवलं. लोखंडी पाय फरशीवर करकरले. आणि इतक्या वर्षांनी ते महिपतींकडे थेट बघून बोलले, तेही अरे-तुरेवर, जसं कधीकाळी बोलत असतील.

"म्हैपती, तू सायबांना सांगितलंस का न्हाई, तातोबा रातपाळीला झोपतो म्हणून?"

"मी?" महिपती खुर्चीवरून अर्धे उठले. "मी असं म्हनीन? अरं, तुझ्या पोरीच्या लग्नात पत्रावळ्या वाडल्यात मी. अन् तू? म्हैपती साखर बांधून घरला न्हेतो, हे कुनी सांगितलं?"

"मी? कुनी म्हटलं, मी सांगितलं?"

मग दोघांचीही मान हळूहळू एकाच दिशेला वळली.

साहेब काचेवरचा एक डबा फिरवत होते. झाकण लावत होते, पुन्हा काढत होते.

"मी विचारलं होतं फक्त," ते शेवटी म्हणाले.

"काय इचारलं हुतं, सायेब?" तातोबांचा आवाज अगदी मऊ होता.

"त्या वेळी साखर कमी पडत होती. रात्रीचं कामही मागे राहत होतं. मला कळेना कुणाचं काय चाललंय. महिपतीला इथं बसवून विचारलं, तातोबाचा डोळा लागतो का रात्री? तो म्हणाला, पहाटे कुणाचाबी लागतो."

"हां, येवढंच म्हनलं हुतं मी," महिपती म्हणाले.

"आणि मला तुमी काय म्हनला, सायेब?" तातोबांनी विचारलं.

साहेबांनी डबा बाजूला ठेवला. "तुला म्हटलं, महिपतीच सांगतो, तू झोपतोस. बघावं म्हटलं, तू काय म्हणतोस ते. आणि महिपतीलाही तसंच, साखरेचं." ते थोडे थांबले. "मलाही असंच शिकवलं होतं. एकाला दुसऱ्याचं सांगायचं, म्हणजे दोघांचंही कळतं."

बाहेर पॅकिंगच्या पट्ट्याची खडखड चालू होती. तातोबा आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. दह्याच्या पाण्याने पांढरे पडलेले तळवे.

"बाई," साहेब म्हणाले, "तुम्ही नाव सांगणार होतात. सगळे आहेत समोर."

"सांगते." मला आठवतं, मी उठून उभी राहिले. का, कोण जाणे. देवळात संकल्प सोडताना उभं राहावं तसं. "तातोबा, गाडा बाहेर राहिला तेव्हा तो तुम्ही तिथून हलवायला हवा होता, आणि मला सांगायला हवं होतं. मिक्सरला नाही. महिपती, तुम्हाला चक्क्याचा आंबटपणा नुसत्या वासावर कळतो, डेअरीत सगळ्यांना माहीत आहे. घाईत तुम्ही न बघता साखर ओतलीत. माझं म्हणाल तर तुमचं ते मिक्सरशी बोलणं मी रोज बघत होते, आणि हसून सोडून देत होते."

"आणि?" साहेबांनी विचारलं.

"आणि तुम्ही समोर आहात, म्हणून सांगते, साहेब. या खोलीत पाहुण्याला खुर्ची एकच आहे. बाकीची आज बाहेरून आणावी लागली, ही चूक तुमची."

तेवढ्यात फोन वाजला.

साहेबांनी तो लगेच उचलला नाही. आम्हा तिघांकडे पाहिलं. आम्ही तिघंही फोनकडे पाहत होतो. मी मनात नाम घेत होते. आता या घटकेला माझी जागाही पणाला लागली होती, हे मी विसरले नव्हते. पण सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि पोटात काही उरलं नव्हतं. त्याने फार हलकं वाटत होतं.

"हॅलो. हो, साहेब. हो, झाली चौकशी." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. चेअरमनसाहेबांचा आवाज फोनमधूनही खोलीभर होत असे. 'नाव' हा शब्द तर आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

पाटणेसाहेब म्हणाले, "नावं आहेत, साहेब. पण फोनवर नाही सांगणार. तुम्ही इथं या. सगळे बसलोय, समोरच सांगतो. त्यात माझंही आहे."

मग खाडकन फोन आपटल्याचा आवाज.

"येतायत," साहेब म्हणाले, आणि रुमालाने कपाळ पुसलं.

चेअरमनसाहेब आले ते तावातावाने. दार ढकलून आत आले तर केबिनमध्ये चार माणसं बसलेली, आणि त्यांना बसायला काहीच नाही. तातोबा लगबगीने स्टूलावरून उठले. चेअरमनसाहेब त्या स्टूलावर बसले. स्टूल बुटकं, त्यामुळे सगळ्यांत खाली तेच आले. माणूस खाली बसला की त्याचा आवाजही थोडा खाली येतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी सगळं ऐकलं. मिक्सरचं ऐकून दोनदा "काय?" म्हणाले. ओरडलेही, आणि ते ओरडणं आमच्या सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं. पण घरी कुणालाच पाठवलं नाही.

जाताना मला म्हणाले, "बाई, दसऱ्याचं श्रीखंड?"

"होईल, साहेब."

"बिघडलं तर?"

"बिघडणार नाही."

दोन्ही थंड खोल्या धुतल्या. नवा चक्का टांगला. त्या दिवसांत तातोबा आणि महिपती इतके बोलले, की छबुताईंनी माझ्याकडे येऊन तक्रार केली. "बाई, त्या दोघांचं तोंड बंद करा. चक्का घट का पातळ, यावर सकाळधरनं वाद घालाय लागल्यात. डोस्कं उठलं."

"बोलावू त्यांना?"

"नगं, नगं. मीच जाऊन सांगती." आणि गेल्या.

दसऱ्याला श्रीखंड गेलं. एकही डबा परत आला नाही.

कार्तिकी द्वादशीला माझं उद्यापन होतं. दीक्षितगुरुजींनी पूजा सांगितली आणि मग डोळे बारीक करून विचारलं, "मग कुमुदताई, दानाचं काय ठरलं? जी वस्तू सोडली तीच द्यायची बरं का."

"ती देता येत नाही, गुरुजी. तिच्या जागी दुसरी वस्तू चालेल का?"

"वस्तू कुणाला देणार त्यावर आहे."

"ज्याला तिची गरज आहे त्याला."

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "चालेल," म्हणाले. "शास्त्रात नसेल तर लिहून घेऊ."

महिपतींच्या भावाचा सुतारकामाचा धंदा होता. त्याच्याकडून मी सागवानी खुर्ची करून घेतली. साधी, हात टेकायला जागा असलेली. साहेबांच्या केबिनमधल्या खुर्चीला शोभेल अशा उंचीची, ना वर, ना खाली. ती आणायला तातोबा आणि महिपती दोघं गेले. मी साहेबांच्या समोर बसले होते, आणि ते दोघं लांबूनच ऐकू येत होते.

"जरा वाकडी धर की."

"तूच नीट चाल. पाय बघ कुठं टाकतोस ते."

"दारात अडकंल."

"अडकंल कशी? माझ्या भावानं केलीया."

दारात अडकलीच. पुन्हा मागे नेली, आडवी केली, आत आणली. साहेब उठून उभे राहिले होते. दोघांनी ती जुन्या खुर्चीच्या शेजारी ठेवली. तातोबांनी खांद्यावरच्या टॉवेलने तिची पाठ पुसली.

"हे काय, बाई?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या उद्यापनाचं दान आहे. नाही म्हणू नका, व्रत अपुरं राहील."

"दान ब्राह्मणाला देतात."

"गुरुजींना विचारलंय. ज्याला गरज असेल त्याला देता येतं, म्हणाले."

साहेबांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. पुढे काही वर्षांनी ते निवृत्त झाले आणि त्या केबिनमध्ये मी बसू लागले, तेव्हाही त्या दोन खुर्च्या तिथेच होत्या. पण त्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच केलं. दार उघडं ठेवलं, बसले, आणि शिपायाला हाक मारली.

"छबुताईंना पाठव. सकाळी त्यांना मुमताजबद्दल काहीतरी सांगायचं होतं ना? मुमताजलाही पाठव बरोबर."

थोड्या वेळाने छबुताई दारात आल्या. पाठोपाठ मुमताज. छबुताईंनी आत पाहिलं. जुनी खुर्ची, शेजारी नवी, दोन्हींची तोंडं साहेबांकडे. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, मग मुमताजकडे, आणि पदर कमरेला खोचला.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "आता चुगली करायची तरी कुटं? चल गं, बस तू पयल्यांदा."